नाशकात चांगली खाणावळ, ताजी मासळी आणि टिकाऊ भांडी कशी शोधायची, सविस्तर सांगते

नाशकात नवीन राहायला आलेल्यांचे तीन प्रश्न ठरलेले असतात. रोज खाता येईल असं घरगुती चवीचं जेवण कुठं मिळेल, समुद्र इथून एवढा लांब तर मासे ताजे मिळतात का, आणि घर लावायचंय तर भांडी मॉलमधून घ्यायची का भांडी बाजारातून. दरवेळी तुकड्यातुकड्यानं सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून काढते. माझं माहेर मालवणकडचं, त्यामुळे मासळीवर जरा जास्त लिहिणार आहे, ज्यांच्या घरी चालत नाही त्यांनी तो भाग सोडून सरळ भांड्यांवर जावं.

एक गोष्ट तिन्हीकडं लागू पडते म्हणून आधी सांगते. दुकानाचं नाव, रीलवरची गर्दी, रेटिंग हे सगळं नंतर, आधी बघायचं की इथं माल किती लवकर फिरतो. खाणावळीतलं पातेलं दुपारी रिकामं होतंय का, मासेवाल्या मावशींची पाटी अकरापर्यंत संपतेय का, भांडीवाल्याकडं गावाकडची माणसं काट्यावर वजन करून खरेदी करतायत का. जिथं माल पडून राहत नाही तिथं फसायची शक्यता आपोआप कमी होते.

सुरुवात मिसळीपासून

नाशकात चांगलं खाणं ओळखायची सवय लावायची असेल तर मिसळीसारखी सोपी जागा नाही, कारण शंभर ठिकाणी मिळते आणि फरक पहिल्या घासाला कळतो. गंगापूर सातपूर लिंक रोडच्या बाजूची साधनाची चुलीवरची, मेनरोडवर भगवंतराव, पंचवटीत अंबिका, सातपूरला श्यामसुंदर, कॉलेज रोडला तुषार, ही नावं कुणीही सांगेल. मखमलाबाद आणि गंगापूर रोडच्या पलीकडं मळ्यात, द्राक्षबागेत बसून खायची मिसळ हा वेगळाच प्रकार झालाय, रविवारी पोरंबाळं घेऊन जायला छान आहे पण वेटिंगची तयारी ठेवा. कोणती भारी यावर मी वाद घालणार नाही, काहींना लाल तिखट रस्सा लागतो, काहींना काळ्या मसाल्याचा, तुमची जीभ काय म्हणते ते तुम्हीच ठरवा.

पण बघायचं काय ते सांगते. मटकी मोड आलेली आणि अख्खी पाहिजे, चमच्यानं दाबली की तुटावी पण तिचं पिठलं झालेलं नसावं. रस्सा वेगळा येतो, तो आधी नुसता एक चमचा प्यायचा. त्यात भाजलेल्या कांदाखोबऱ्याची चव लागली तर मसाला घरचा किंवा निदान रोजचा आहे, नुसतं तिखट लागून घशात खवखव झाली तर तिखटानं आणि तेलानं वेळ मारून नेलीय. तर्री वर तरंगणारच पण ती लालभडक असून बोटाला रंग लागत असेल तर दुसऱ्यांदा जाऊ नका. फरसाण ओलसर लागलं तर कालचं. पाव दाबून बघा, परत वर आला तर सकाळचा आहे. आणि वेळ फार महत्त्वाची, साडेआठ ते अकरा हीच मिसळीची वेळ. दुपारी एकनंतर तोच रस्सा आटत आटत खारट झालेला असतो, नाव कितीही मोठं असो.

जुन्या नाशकात सकाळी गेलाच आहात तर मेनरोडच्या बाजूला सायंताराचा साबुदाणा वडा आणि बुधा हलवाईची जिलबी चुकवू नका, दोन्ही गरम कढईतनं काढलेलंच खायचं, पार्सल करून घरी नेलं की मजा गेली. कोंडाजीचा चिवडा मात्र पाहुण्यांना न्यायला, तो टिकतो.

रोजचं जेवण: खाणावळ कशी निवडायची

हे मिसळीपेक्षा अवघड आहे कारण महिनाभर रोज तेच खायचंय. पहिलं काम म्हणजे घराजवळच्या चारपाच खाणावळींत आठवड्याच्या मधल्या वारी, बुधवारी किंवा गुरुवारी, दुपारी साडेबारा ते दीडच्या मधे जाऊन जेवायचं. रविवारी नाही, रविवारी सगळेच चांगलं करतात. आणि बाहेर गाड्या कुणाच्या लागल्यात ते बघायचं. सातपूर आणि अंबड एमआयडीसीच्या आसपास कामगार रोज जिथं जेवतात, दिंडोरी रोडला मार्केट यार्डाच्या बाजूला हमाल आणि शेतकरी जिथं बसतात, तिथलं जेवण दिसायला साधं पण पोटाला चांगलं असतं, कारण ही माणसं रोज येणारी आहेत, एकदा पोट बिघडलं तर दुसऱ्या दिवशी शेजारच्या दारात जातात.

आत गेल्यावर पोळी किंवा भाकरी बघा. ऑर्डर दिल्यावर भाकरी थापल्याचा आवाज येतोय का, का टोपलीत रचून ठेवलेल्या भाकऱ्या तव्यावर नुसत्या टेकवून देतायत. मग वरण, वरण हा प्रामाणिक पदार्थ आहे, त्यात लपवायला मसाला नसतो, त्यामुळे डाळ कच्ची, पाणचट, सोडा घातलेली, लगेच कळते. तिसरं म्हणजे भाजी सीझनची आहे का. हिवाळ्यात नाशकात मेथी, वाटाणा, फ्लॉवर, गावठी वांगी यांचे ढीग लागतात आणि तरी ताटात रोज बटाटाच येत असेल तर मालक स्वतः मंडईत जात नाही असं समजा. खान्देश शेजारीच असल्यामुळे शेवभाजी, वांग्याचं भरीत, काळ्या मसाल्याचं मटण हे इथं घरच्यासारखं मिळतं. शेवभाजीत शेव अगदी शेवटी, वाढताना पडली पाहिजे, शेव आधीच फुगून लगदा झाली असेल तर भाजी बऱ्याच वेळापासून तयार आहे.

तळणाचं तेलही बघा. काळं, फेस येणारं, डोळे चुरचुरतील असा धूर देणारं तेल असेल तर तिथं भजी आणि पापड नको म्हणा. यासाठी कायदाच आहे, २०१८ पासून तळणाच्या तेलात टोटल पोलर कंपाउंड (तेल पुन्हा पुन्हा तापवून तयार होणारे घटक) २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल वापरायला बंदी आहे. आपण काही मीटर घेऊन जात नाही, पण नाक आणि डोळे पुरेसे आहेत. तसंच २०२२ च्या जानेवारीपासून बिलावर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा परवान्याचा १४ आकडी नंबर छापणं बंधनकारक आहे. नंबर आहे म्हणजे चव चांगली असं नाही, पण महिन्याचे पैसे आधी भरायच्या मेसमधे तरी तेवढं बघूनच भरा. आणि एकदम महिन्याचे भरूच नका, आधी आठवड्याचे कूपन मागा, चांगली खाणावळ देते.

आता मासळी

सगळ्यात आधी डोक्यातून एक गोष्ट काढा. नाशकात "आत्ता समुद्रातून आलेला" मासा नसतो, असूच शकत नाही. ट्रॉलर काही दिवस समुद्रात असते, मासा बोटीवरच बर्फात पडतो, मग मुंबईत ससून डॉकला किंवा भाऊच्या धक्क्याला पहाटे लिलाव, मग गाडीत बर्फ भरून कसारा घाट चढून साधारण पावणेदोनशे किलोमीटर इकडं. गुजरातच्या बंदरांवरूनही माल येतो. त्यामुळे नाशकात "ताजं आहे का?" या प्रश्नाला अर्थ नाही, विचारायचं ते "कधी उतरलं आणि बर्फात किती होतं?" बोटीपासून तुमच्या पिशवीपर्यंत बर्फ तुटला नसेल तर तीन दिवसांचा मासाही छान लागतो, आणि उन्हात तीन तास उघडा राहिलेला सकाळचा मासाही गेलेला असतो.

वार बघून जा. सोमवार, गुरुवार, शनिवार नाशकात बऱ्याच घरी खात नाहीत, त्यामुळे त्या दिवशी उठाव कमी आणि माल पडून राहतो. बुधवार, शुक्रवार, रविवार चांगले. त्यातही मी शुक्रवारच पकडते, रविवारी भाव चढलेला असतो आणि मावशींना तुमच्याशी बोलायला वेळ नसतो. जुन्या नाशकात नदीच्या अंगाला मोठा मासळी बाजार आहे, नाशिकरोड, देवळाली कॅम्प, सिडको या भागांतही विक्रेते बसतात. तुम्ही तुमच्या भागातले एक कुणीतरी धरा आणि तिथंच जात राहा. मासळीत ओळख फार कामाची, दोनचार महिन्यांनी मावशी स्वतःच सांगतात की "आज सुरमई नको गं, हलवा घे." हलवा म्हणजे काळं पापलेट.

पहिल्यांदा जाताना घरून थर्माकोलचा छोटा डबा किंवा जाड पिशवी आणि जमलं तर थोडा बर्फ घेऊन जा. पोचल्या पोचल्या घ्यायचं नाही, एक पूर्ण फेरी मारायची, कुणाच्या पाटीत बर्फ माशाच्या खाली आणि वर दोन्हीकडं आहे ते बघायचं. नुसत्या ओल्या फडक्याखाली झाकलेला माल सोडून द्यायचा. चांगल्या बाजाराला समुद्राचा, शेवाळाचा वास येतो, आंबूस किंवा अमोनियासारखा नाकात जाणारा वास आला की तिथून पुढं व्हा.

आता एकेक मासा. पापलेट घेताना कल्ला उचलून त्याच्याजवळ अंगठ्यानं जोरात दाबायचं, पांढरट दुधासारखं पाणी आलं तर घ्या, लालसर किंवा काळपट आलं तर परत ठेवा. कोळीण मावशींसमोर हे केलं की त्यांनाही कळतं की या बाईला समजतं, मग भावाची भाषा बदलते. अंगावर चंदेरी चमक आणि खवले घट्ट हवेत. पापलेट २०२३ पासून आपल्या राज्याचा राज्यमासा आहे, आणि तळहाताएवढी पिल्लं स्वस्त मिळतात म्हणून लोक घेतात, ती प्लीज घेऊ नका. अंडी घालायच्या आधीच पिल्लं संपवली तर मोठं पापलेट आणखी दुर्मीळ आणि महाग होत जाणार, आणि त्या पिल्लात काट्याशिवाय हाताला काही लागतही नाही.

सुरमई अख्खी बघा, आधीच कापून ठेवलेल्या तुकड्या शक्यतो नको. डोळे बाहेर आलेले आणि चकचकीत, कल्ले लाल, पोटाला बोट लावल्यावर खड्डा राहू नये. कापल्यावर मांस काट्याला चिकटून असेल तर ताजी, आपसूक सुटत असेल तर मऊ पडलेली. वजन अख्ख्या माशाचं होतं मग साफ करतात, त्यामुळे डोकं आणि शेपटी मागून घ्या, पैसे त्याचेही दिलेत आणि आमटीला खरी चव डोक्याचीच. गाबोळी (माशाची अंडी) निघाली तर तीही मागा, विचारलं नाही तर राहून जाते.

बांगडा स्वस्त आणि चवीला एक नंबर, पण नाशकात बांगड्याच्या बाबतीत मी सगळ्यात कडक आहे. बांगडा, सुरमई, कुपा (ट्यूना) या जातीचे मासे थंड ठेवले नाहीत तर त्यात हिस्टामिन तयार होतं, आणि ते कितीही शिजवलं, तळलं तरी जात नाही. खाल्ल्यावर तोंड लाल होणं, अंगावर पित्त उठणं, डोकं दुखणं असं होतं आणि लोक म्हणतात मला माशाची ॲलर्जी आहे. जिभेला तिखट किंवा झिणझिण्या आल्यासारखं लागलं तर तो बांगडा टाकून द्या, पैशांचा विचार करू नका. बांगडा हातात शेपटीजवळ आडवा धरला तर ताठ राहिला पाहिजे, वाकून लोंबला तर नको.

ओले बोंबील नाशकात मी फक्त थंडीत घेते. तो मासा पाण्यानंच भरलेला, लवकर सडतो, घाट चढून येईपर्यंत त्याचं काय होतं ते बर्फावर अवलंबून. तोंड गुलाबी आणि अंग पांढरं पारदर्शक असेल तरच घ्या, पिवळट पडलेला नको. कोळंबीचं डोकं घट्ट चिकटलेलं हवं, डोकं सुटून काळं पडलं असेल तर सोडा. बाजारात येणारी मोठी एकसारख्या साइजची कोळंबी बरेचदा तळ्यात पाळलेली वनामी जातीची असते, त्यात वाईट काही नाही, फक्त समुद्राची म्हणून समुद्राचा भाव देऊ नका. तिसऱ्या (शिंपल्या) घेताना शिंपली बंद पाहिजेत, उघडी असेल तर टकटक करा, मिटली तर जिवंत, नाही मिटली तर मेलेली. खेकडा जिवंत आणि हातात जड. अमावस्येच्या आसपास भरलेले मिळतात असं आमच्याकडं सगळे मानतात, मीही तेव्हाच घेते.

गोड्या पाण्यातला मासा इथं कमी लेखतात, मला ते पटत नाही. गंगापूर, दारणा, वैतरणा, गिरणा, आजूबाजूला धरणंच धरणं आहेत. रोहू, कटला, चिलापी, मरळ, वांब हे मिळतात. फक्त विचारायचं, "धरणाचा का आंध्राचा?" आंध्रातून बर्फात भरून आलेला रोहू भारतभर विकला जातो, तो खराब नसतो पण धरणातला सकाळी काढलेला असेल तर त्याच्यासमोर काहीच नाही. मरळ जिवंतच घ्यायचा. पावसाळ्याच्या सुरवातीला इगतपुरी, त्र्यंबककडून नदीचे खेकडे येतात, त्यांचा काळ्या मसाल्याचा रस्सा आणि नागलीची भाकरी, बाकी काही नको.

आता पावसाळ्याचं गणित. आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवस यांत्रिकी बोटींना मासेमारी बंद असते, तो अंडी घालायचा काळ. पूर्व किनाऱ्याची बंदी आधीच, १५ एप्रिल ते १४ जून अशी असते, म्हणून जूनच्या अखेरीला आणि जुलैत जो समुद्राचा मासा दिसतो तो एकतर तिकडून आलेला किंवा कोल्ड स्टोरेजचा. त्या दोन महिन्यांत मी समुद्राचं नावच काढत नाही, धरणाचा मासा आणि सुकं खायचं. सुकं मे महिन्यातच भरून ठेवा. बुधवारी गोदाघाटावर भरणाऱ्या आठवडे बाजारात सुकट, बोंबील, जवळा, सोडे मिळतात. मूठभर सुकट हातात घेऊन चोळा, खूप भुसा आणि वाळू निघाली तर नको, दमट लागली तरी नको, लालसर डाग किंवा पिठासारखी पांढरी बुरशी असेल तर अजिबात नको. घरी आणून दोन दिवस कडक उन्हात वाळवून मग हवाबंद डब्यात. श्रावण संपून बोटी नीट सुरू झाल्या की सप्टेंबरपासून माल वाढतो आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा नाशकात मासे खायचा सगळ्यात चांगला काळ, थंडीमुळे वाटेतही टिकतो.

घरी आणल्यावर पाण्यात भिजत घालू नका, वाहत्या पाण्याखाली पटकन धुवून, पुसून, मीठ हळद लावून चाळणीत ठेवा, चाळणीखाली भांडं, म्हणजे सुटलेल्या पाण्यात मासा बसत नाही. त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी संपवा. फ्रीजरला टाकायचं तर एका वेळेला लागेल तेवढीच पाकिटं करा, एकदा वितळलेला परत गोठवायचा नाही.

हॉटेलात मासे खायचे असतील तर मेनू कार्ड बाजूला ठेवून "आज काय आलंय?" विचारा. "सगळंच आहे" असं उत्तर आलं तर व्हेज थाळी मागवा. "पापलेट नाहीये, हलवा चांगला आहे" असं सांगणारा वेटर असेल तर निर्धास्त खा. मोठा अख्खा मासा मागवताना कच्चा दाखवायला सांगायचा, चांगल्या ठिकाणी ताटलीत आणून दाखवतात. सोलकढीचा रंग फिका गुलाबी आणि नारळाचं दूध ताजं असेल तर समजा स्वयंपाकघरात कोकणातलं कुणीतरी आहे.

भांडी

नाशिकची तांब्यापितळेची भांडी जुन्या काळापासून नावाजलेली, जुन्या नाशकात तांबट आळी आहे, आणि सराफ बाजार, दहीपूल, बोहोरपट्टीच्या पट्ट्यातच भांडी बाजार. गाडी घेऊन आत शिरायचा प्रयत्न करू नका, सिटीलिंक बसनं शालिमारला उतरा किंवा रविवार कारंजाकडून चालत जा. मासळी सकाळी आठला आणि भांडीवाले अकराला उघडणार, म्हणून दोन्ही एकाच फेरीत बसवू नका, मासे बिचारे पिशवीत वाट बघत बसतात. धनत्रयोदशीच्या आधीचा आठवडा टाळा. पावसाळ्यात गंगापूर धरणातून जास्त पाणी सोडलं की हा सगळा सखल भाग भिजतो, २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमधे दुकानांत पाणी शिरलं होतं, तेव्हा नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी आलंय ते बघून मगच बाहेर पडा.

घरातून निघताना यादी करा, यादीशिवाय या बाजारात गेलं की शोभेची समई आणि घंगाळ घेऊन माणूस परत येतो आणि घरी सांडशी नसते. चौघांच्या घराला माझ्या मते एवढं पुरतं: एक बिडाची (ओतीव लोखंडाची) कढई, एक लोखंडी तवा, दोनतीन जाड बुडाची स्टीलची पातेली, एक कुकर, एक परात, एक कल्हईचं (आतून कथलाचा मुलामा दिलेलं) पितळी पातेलं आणि एक मातीचं भांडं. बाकी हळूहळू.

स्टील, पितळ, तांबं, तिन्ही बरेचदा किलोवर मिळतं. आजचा भाव काय ते दोन दुकानांत विचारा, वजन तुमच्यासमोर काट्यावर करायला सांगा, घडणावळ भावात धरलीय का वेगळी ते आधी स्पष्ट करून घ्या, आणि पक्कं बिल घ्या. घरी जुनी फुटकी भांडी असतील तर मोड म्हणून घेऊन जा. मोडीचा भाव नव्यापेक्षा कमीच मिळणार, पण आजीच्या काळातलं जाड पितळ असेल तर मोडीत घालूच नका, कल्हई करून वापरा, आजकाल त्या वजनाचं भांडं बनवून घ्यायचं म्हटलं तर किती पैसे होतील.

स्टीलबद्दल एक मोठा गैरसमज आहे. लोक चुंबक घेऊन जातात आणि चिकटलं नाही म्हणजे ३०४ ग्रेड असं समजतात. ३०४ ला सहसा चिकटत नाही हे खरं, पण हलक्या २०२ लाही चिकटत नाही, त्यामुळे चुंबकानं ही दोन वेगळी ओळखता येत नाहीत. ३०४ मधे साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं, आंबट आणि खारट पदार्थाला तेच बरं. भांड्यावर ग्रेड कोरलेला आहे का आणि आयएसआय मार्क आहे का बघा. चुंबक मात्र इंडक्शनसाठी न्या, बुडाला बाहेरून घट्ट चिकटलं तरच ते भांडं इंडक्शनवर चालेल. कुकर आयएसआय मार्कशिवाय विकायलाच बंदी आहे, कुणी स्वस्तात देत असेल तरी घेऊ नका.

तांब्यापितळेचं भांडं हातात घेऊन कड बघा, कड आत वळवून बसवलेली आणि गुळगुळीत हवी. मठारकाम, म्हणजे हातोडीच्या ठोक्यांच्या खुणा, हातानं केलेलं असेल तर ठोके थोडे पुढेमागे, लहानमोठे दिसतात, आणि मशीनवरचं असेल तर सगळे अगदी मोजून मारल्यासारखे एकसारखे. मला हाताचं आवडतं, ठोक्यांनी पत्रा घट्ट होतो आणि भांड्याला सहज पोचा पडत नाही. फार चकाकणारं असेल तर त्यावर लॅकर (पारदर्शक वार्निश) मारलंय का विचारा, ते काढल्याशिवाय गॅसवर ठेवायचं नाही. तीर्थक्षेत्र म्हणून आलेले लोक घेऊन जातात ते छोटे तांबे बहुतेक पातळ पत्र्याचे असतात, गंगाजल भरायला ठीक, रोज वापरायला नाही.

बिडाची कढई आणली की लगेच भाजी टाकू नका. गरम पाण्यानं घासून, पूर्ण कोरडी करून, तेलाचं अगदी पातळ बोट आतबाहेर फिरवून, मंद गॅसवर धूर निघेपर्यंत तापवायची, थंड होऊ द्यायची, परत तेल, परत तापवणं. असं चारपाचदा केलं की काळीशार होते. सुरवातीचे काही दिवस त्यात फक्त तळण आणि कांदाभजी करा, टोमॅटो, चिंच काही नाही. सुरमईचे तुकडे रवा लावून तळायला बिडाच्या तव्यासारखं दुसरं काही नाही.

मातीची भांडी जुन्या नाशकात कुंभारवाड्यात बघा. बोटानं वाजवल्यावर खणखणीत आवाज आला पाहिजे, बद्द आवाज म्हणजे कुठंतरी तडा. आतून चकचकीत रंग किंवा लेप लावलेलं घेऊ नका. आणल्यावर दिवसभर पाण्यात बुडवून ठेवा, मग तांदळाची पेज मंद आचेवर उकळवा, ती टाकून द्या, मग वापरायला घ्या.

आणि माशाची आमटी कशात करायची हे लोक विचारतच नाहीत. त्यात कोकम, चिंच, नाहीतर कैरी असणारच. कल्हई नसलेल्या पितळेत किंवा तांब्यात आंबट शिजवलं की धातू उतरतो, आमटी कळकते आणि पोटाला त्रास होतो. बिडात केली तर काळी पडते आणि लोखंडाची चव लागते. म्हणून आमटीला माती, स्टील, नाहीतर चांगली कल्हई केलेलं पितळ.

कल्हई करून घेताना समोर उभे राहा. भांडं तापवून, नवसागर टाकून, वरून कथलाची कांडी फिरवून कापसानं पुसत नेतात, काही सेकंदांत सगळं आतून चांदीसारखं होतं. कथील शुद्ध हवं, स्वस्तात करणारा शिसं मिसळत असेल तर ते विष आहे. थंड झाल्यावर पांढरा कागद आतून दाबून घासा, काळपट रेघ उठली तर शिशाची शंका घ्या, पण ही काही खात्रीची चाचणी नाही. कथील २३२ अंशाला वितळतं, म्हणून कल्हईचं भांडं रिकामं कधीही गॅसवर तापत ठेवायचं नाही, आधी तेल किंवा पाणी, मग गॅस, आणि फोडणी मोठ्या आचेवर करायचीच असेल तर ती वेगळ्या कढल्यात करून वरून ओतायची. घासायला तारेची घासणी नाही, चिंच किंवा राख आणि नारळाची शेंडी. आतून लालपिवळी भांड्याची मूळ झाक दिसायला लागली की परत कल्हई, रोजच्या वापरात वर्षातून एकदोनदा तरी करावी लागते.